पासंग

होडी मालवणची. फोंडा घाट चढून टेम्पोतनं आली,
फायबरची, पांढरी, मधोमध सुकाणूचं खोकं.
विकणारा त्याला कन्सोल म्हणाला.
आम्ही देव्हारा म्हणतो,
कारण कुठंही जायचं तर त्याला वळसा घालावा लागतो.

काळम्मावाडीच्या पाण्यात घातली
आणि ती डावीकडं कलली.
फार नाही, चार बोटं.
चुगली ऐकायला एखादी बाई मान कलती करते, तेवढीच.

मग सुरू झाली वजनांची बदलाबदली.
बॅटरी उजवीकडं नेली.
पेट्रोलचा कॅन मागनं पुढं, पुढनं परत मागं.
बर्फाची पेटी देव्हाऱ्याच्या पुढ्यात ठेवली,
पण बर्फ दुपारपर्यंत निम्मा होतो
आणि सकाळचा हिशेब दुपारी खोटा पडतो.
जाळं जाताना हलकं, येताना ओलं,
त्यात कटला असला तर तो तडफडत
आपली जागा आपणच ठरवतो.

हिंदुरावमामाला उजव्या काठावर बसवलं.
मामा शंभराच्या वर.
"मी काय वाळूचं पोतं हाय व्हय?"
"पोतं बरं," काठावरनं आई म्हणाली,
"त्याला दुपारची भाकरी लागत न्हाई."

तरी कल होताच.
सुकाणू उजवीकडं दाबून धरायची
माझ्या मनगटाला सवय लागली,
झोपेतही मूठ वळायची.

दादा शाहूपुरीत, गुळाच्या अडतीत
एकतीस वर्षं तोलाई.
रव्यावर पंजा ठेवून वजन सांगायचा,
काटा नंतर हो म्हणायचा.
चार दिवस तो काही बोलला नाही.
बिडी विझवून कानामागं ठेवायचा, पुन्हा पेटवायचा.
पाचव्या दिवशी म्हणाला,
"सुले, सगळा माल उतरव. बॅटरी, इंजिन, मामा.
आधी मोकळा काटा बघायचा असतो.
काट्यातच पासंग असला
तर मापं इकडची तिकडं करून काय हुतंय?"

मोकळी होडी. डावीकडं, चार बोटं.

मग ती चिखलातनं ओढून काठावर घेतली, उताणी केली,
आणि दादा तिचं पोट वाजवत चालला
जसं बाजारात कलिंगड वाजवतात.
टण. टण. टण.
आणि डाव्या बगलेला, एकदम, मातीचा आवाज.

होडी परत सुलटी करून तिथं खालनं ड्रिल लावलं.
आधी भुसा आला, पांढरा.
मग थेंब, मग करंगळीएवढी धार.
मी बोट लावून जिभेवर ठेवलं.
खारं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
तो असा फोममध्ये दडून
दाजीपूरचं जंगल ओलांडून
आमच्या गोड्या पाण्यावर महिनाभर फिरत होता
आणि आम्ही मामाच्या पोटाला नावं ठेवत होतो.

दोन रात्री गळत राहिला.
दादानं प्रत्येक बादली काट्याला लावली,
खडूनं देव्हाऱ्यावर आकडे मांडले.
सत्तेचाळीस किलो, वर थोडं,
ते थोडं त्यानं गिऱ्हाइकाला सोडावं तसं सोडून दिलं.
आईनं ते पाणी धरणात ओतू दिलं नाही.
बांधावरच्या हरळीवर ओतलं.
तिथं अजून काही उगवत नाही,
भाताच्या ताटाएवढा गोल.

भोक बुजवलं. होडी पाण्यात गेली.
इतकी सरळ, की मलाच गरगरलं;
हात जुन्या सवयीनं दाबत राहिला
आणि आम्ही सगळे मिळून
जाळं सोडायच्या जागेऐवजी
बाभळीच्या बेटावर जाऊन थडकलो.
दादा हसला. पहिल्यांदाच, त्या होडीत.

मनगट सुटायला दिवाळी उजाडली.
मामा मात्र अजून उजव्या काठालाच बसतो,
भाकरी तिकडंच सोडतो, तिकडंच पेंगतो.
होडी आता उजवीकडं कलते, दोनेक बोटं.
दादा बघतो, बिडी कानामागं ठेवतो.
मामाला ऊठ असं
आमच्यातलं कुणी म्हणत नाही.